ओठांवरच्या बातम्या

कोल्हापुरात आलो तेव्हा मला मिशी होती. वडिलांसारखी, वरचा ओठ पुरता झाकणारी. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि मी खोली शोधत फिरत होतो. जिथं जाईन तिथं आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग पुन्हा आडनाव. पहिल्यांदा सांगितलेल्या आडनावावरून त्यांना हवं ते कळलेलं नसायचं म्हणून. शेवटी कळंब्याच्या रस्त्याला, तळ्याच्या अलीकडं, एका बैठ्या घराच्या फाटकावर खडूनं लिहिलेली पाटी दिसली. दार उघडलं ते पन्नाशीकडं झुकलेल्या एका उंच, काटक बाईनं. तिनं आडनाव विचारलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"खोली हाय, पावणं," ती म्हणाली. "पण मिशी काढाय लागंल."

मला वाटलं, इथली थट्टा अशी असेल. मी हसलो. ती हसली नाही.

"बारीक करून चालणार न्हाय. वरचा ओठ दिसाय पायजे."

"मिशीचा आणि खोलीचा काय संबंध?"

"लोक खोली द्यायच्या आधी जात विचारत्यात. मी मिशी बघतो. तुमास्नी कुठलं सोपं वाटतंय ते बघा."

कोल्हापूरकडच्या बाया 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिच्या मागं भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, दोन्हींना ताजी फुलं. ते वाक्य तिनं काही माझ्यासाठी नव्यानं जुळवलेलं नव्हतं. कधीतरी तीही नवऱ्याबरोबर दारोदार खोली मागत फिरली असणार.

मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो आणि खुर्चीत बसून नुसतं मिशीकडं बोट दाखवलं. न्हाव्यानं आरशातून विचारलं, "आक्काची खोली व्हय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता साबण लावायला घेतला.

पहिल्या सुट्टीत गावी गेलो तर मला बघून आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. आमच्याकडं बाप गेल्यावर मिशी काढतात, आणि बाप तर ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. शेजारचे दोघं धावत आले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई खमकी दिसते. तिथंच राहा."

सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. म्हणून तिचा नवरा सगळ्या गल्लीचा दाजी. दाजी तरुणपणापासून एका फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, घासायच्या मशीनवर होते. त्या मशीनच्या कर्कश आवाजानं त्यांचे कान हळूहळू गेले. आधी पाखरांचे आवाज गेले, मग सायकलची घंटी, मग माणसं. चाळिशी ओलांडेपर्यंत काही उरलं नाही. बोलायला यायचं, पण आपला आवाज आपल्यालाच कळत नसल्यामुळं ते एका सपाट सुरात, जरा दबकत बोलायचे. बाकीचं त्यांचं ऐकणं डोळ्यांनी चालायचं. समोरच्याच्या ओठांवरून ते शब्द उचलायचे आणि मिशीवाला माणूस आला की पंचाईत व्हायची.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. ती आक्काची युक्ती. नोकरी सुटल्यावर दाजी वर्षभर कुणाशी बोलेनात. माणसं बोलताना तोंड फिरवतात, हसतात, खातात, हात आडवा धरतात. मग शेजारच्या घरी टीव्हीवर बातम्या चालू असताना आक्काच्या डोक्यात आलं की जगात एकच माणूस असा आहे जो हलत नाही, खात नाही, समोर बघून संथपणे आणि शुद्ध बोलतो. तिनं टीव्ही घेतला आणि दाजींना रोज सातच्या मराठी बातम्यांपुढं बसवलं. बातम्या संपल्या की विचारायची, काय काय कळलं. पहिले काही महिने दाजींना फक्त 'मुख्यमंत्री' एवढाच शब्द कळायचा, कारण तो रोज असायचा. मामा, बाबा आणि पापा हे तीन शब्द ओठांवर सारखेच दिसतात, हे त्यांनीच मला दाखवलं. मी आरशापुढं उभा राहून करून बघितलं. खरंच सारखे दिसतात.

गल्लीत असा गैरसमज होता की आक्काला टीव्हीचं वेड आहे. तिच्या अँटेनाचं वेड सगळ्यांना दिसायचं म्हणून. पण आक्का टीव्ही बघायचीच नाही. बातम्यांच्या वेळी ती टीव्हीकडं पाठ करून बसायची आणि दाजींचं तोंड बघायची. चित्र स्वच्छ आहे की मुंग्या आल्यात, हे तिला त्यांच्या कपाळावरून कळायचं. कपाळाला आठी पडली की ती उठून जिन्याकडं चालू लागायची.

त्या काळी अँटेना नीट करायची एक ठरलेली रीत होती. एकानं गच्चीवर काठी फिरवायची, दुसऱ्यानं खालून ओरडायचं, "आलं, आलं, गेलं, जरा मागं." आक्काकडं ही रीत चालत नव्हती. वरून तिनं विचारलेलं दाजींना ऐकू यायचं नाही. म्हणून तिनं खिडकीतून गच्चीपर्यंत नायलॉनची दोरी नेली होती. वर ती काठी फिरवायची, खाली दाजी दोरीचं टोक धरून टीव्हीपुढं बसायचे. चित्र आलं की दोरी ओढायची आणि आक्कानं तिथंच थांबायचं. कधी कधी चित्र चांगलं असतानाही दोरी ओढली जायची, म्हणजे चहा पाहिजे. मग आक्का वरूनच बोलायची, "दोरी अँटेनाची हाय, चहाची न्हाय." दाजींना अर्थातच ते ऐकू यायचं नाही. चहा मात्र मिळायचा.

'तोंड दाखवून बोल' हे तिचं दिवसातून कितीतरी वेळा म्हटलं जाणारं वाक्य. भाजीवाल्याला, वायरमनला, एसटीच्या कंडक्टरला, घरी आलेल्या जावयालासुद्धा. एकदा दाजींना दवाखान्यात नेलं होतं, मी बरोबर होतो. डॉक्टर कागदावर लिहीत लिहीत प्रश्न विचारत होते. आक्का म्हणाली, "डॉक्टर, तोंड वर करा. पेशंट हितं बसलाय, कागदात न्हाय." डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दाजींकडं बघून पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार पन्नास माणसं घेऊन दारात आला, चांगल्या झुपकेदार मिशीचा. त्यानं हात जोडून दाजींपुढं बरंच भाषण केलं. दाजींनी बायकोकडं बघितलं. आक्का म्हणाली, "मिशीच बोलत्या. माणूस अजून बोलला न्हाय."

एक गोष्ट मात्र तिथं राहायला लागल्यावर काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आली. सगळ्या जगाला तोंड दाखवायला लावणारी आक्का स्वतः दाजींशी कधी तोंड दाखवून बोलायची नाही. ती बोलायची ते भाकरी थापताना, झाडताना, पाठमोरी. आणि तिचं बोलणं इतकं भरभर की मला कानांनी ऐकूनसुद्धा निम्मंच कळायचं. दोघांचं सगळं चालायचं ते खुणांवर. खांद्यावर दोनदा टिचकी म्हणजे जेवायला चला. पदराचं टोक हलवलं की पाहुणे आलेत. संसार त्यावर बिनतक्रार चालला होता. बातम्या सांगायला टीव्हीवरची बाई होती, गप्पा मारायला मी होतो. नवराबायकोत आणखी काय बोलायचं असतं, असंच आक्काला वाटत असावं.

नव्वद सालानंतर गल्लीत केबल आली. ज्याच्या त्याच्या गच्चीवरून काळी वायर लोंबू लागली आणि अँटेना भंगारात गेले. आक्कानं केबल घेतली नाही. शेजारणीच्या घरी जाऊन तिनं एकदाच बघितली. सिनेमाचे चॅनेल लख्ख होते, पण मराठी बातम्यांचा चॅनेल कुठं तरी कोपऱ्यात टाकलेला, बाईचं तोंड मुंग्यांनी खाल्लेलं. आक्का परत आली आणि म्हणाली, "हवेतलं आपलं बरं हाय."

पण हवेतलंही सुखानं राहिलं नाही. आमच्या घरापुढं चार मजली इमारत उठायला लागली. तिसरा स्लॅब पडला तसं टीव्हीवर सगळ्यांना सावली धरली. बाईच्या शेजारी फिकट दुसरी बाई, एका तोंडाशेजारी दुसरं तोंड, आणि दोन्ही एकदम न हलता किंचित मागंपुढं हलणारी. बाकीच्यांना त्यात गंमत वाटली असती. दाजींच्या दृष्टीनं ती दोन माणसं एकाच वेळी बोलत होती. आक्कानं काठी उंच केली, दिशा बदलली, दोरी दिवसभर सैलच राहिली.

मग ती बिल्डरकडं गेली. मला आणि दाजींना बरोबर घेतलं. बिल्डर वाळूच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसला होता, जाड मिशीचा, पण स्वभावानं मोकळा माणूस.

"बिल्डिंग पाडा म्हणत न्हाय," आक्का म्हणाली. "तिच्या डोक्यावर माझी काठी उभी करू द्या. तितनं घरापर्यंत वायर मी आणतो."

"मावशी, आता कोण अँटेना लावतंय? केबल घ्या की. जोडणी मी करून देतो."

"मला केबल नको. मला हवा पायजे, तुमी अडवलेली."

"हवा काय कुणाच्या मालकीची असती व्हय?"

"न्हाय. पण अडवली कुणी ते गल्लीला दिसतंय."

बिल्डरला हसू आलं. त्यानं विषय बदलायचा म्हणून दाजींकडं वळून मोठ्यानं विचारलं, "काय काका, टीव्हीत एवढं काय बघता?"

दाजींनी त्याच्या मिशीकडं नीट निरखून बघितलं. अनोळखी माणसं त्यांना बहुतेक वेळा जेवण झालं का, एवढंच विचारायची. काही कळलं नाही की ते त्याचंच उत्तर देऊन टाकायचे. ते नम्रपणे हसले आणि म्हणाले, "जेवलो की."

बिल्डरचा हात आपल्या मिशीकडं गेला. मग त्यानं मुकादमाला हाक मारली आणि गच्चीच्या कोपऱ्यात पाइप उभा करायला जागा ठेवायला सांगितली. इमारत पूर्ण झाल्यावर चार मजल्यांवरून आमच्या बैठ्या घराकडं एक वायर उतरली. पुढं बरीच वर्षं कळंब्याच्या त्या भागात सातच्या बातम्या सगळ्यांत स्वच्छ दिसायच्या त्या आक्काच्या घरी.

माझं लग्न झालं, मी कोल्हापुरातच, शहरात फ्लॅट घेतला. मिशी पुन्हा ठेवली नाही. बायकोनं एकदा विचारलं तेव्हा म्हणालो, दाजींकडं जायचं असतं ना. महिन्यातून एखाद्या रविवारी मी जायचोच. इतकी वर्षं होऊनही आक्का मला पावणंच म्हणायची.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर त्या चार मजली इमारतीच्या गच्चीला गळती लागली. फ्लॅटवाल्यांनी गच्ची दुरुस्तीला काढली आणि वरचं सगळं लोखंड उतरवलं. त्यात आक्काची काठीही उतरली. बिल्डर कधीच दुसरीकडं गेला होता आणि नव्या फ्लॅटवाल्यांना ही काठी कुणाची, हे माहीतही नव्हतं. आता पुन्हा उभी करायची म्हटलं तर पुढं आणखी दोन इमारती झालेल्या. त्याच सुमाराला आक्काचा मुलगा पुण्याहून आला. तो तिथं कंपनीत होता. त्यानं आईची हकिकत ऐकली आणि म्हणाला, "आई, आता ह्ये अँटेनाचं सोड. सगळं डिजिटल झालंय. छत्री लावू, एकदाच काय ते, महिन्याचं काही भरायचं न्हाय."

गच्चीवर डिशची छत्री बसली, टीव्हीखाली एक खोकं आलं. त्या रविवारी मी तिथं होतो. चित्र बघून मीही थक्क झालो. एक मुंगी नाही, सावली नाही, काच पुसून ठेवल्यासारखं. दाजी पुढं सरकून बसले. बातम्या सुरू झाल्या आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की आक्कानं त्यांच्याकडं बघून पदर डोळ्यांना लावला. बातम्या संपल्यावर दाजी म्हणाले, "त्या बाईचा पुढचा दात जरा वाकडा हाय. इतकी वर्सं मला वाटायचं, ती 'स' चुकतीया."

पुढच्या वेळी गेलो तर टीव्हीपुढं कुणी नव्हतं. आक्का स्वयंपाकघरात, दाजी परड्यात भिंतीकडं तोंड करून शेवग्याच्या शेंगा सोलत बसलेले. मी समोर जाऊन उकिडवा बसलो आणि विचारलं, "दाजी, तब्येत कशी आहे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ओठांकडं बघितलं नाही. "जेवलो की," ते म्हणाले.

मला ते उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं.

आक्कानं मग सगळं सांगितलं. दुपारभर चित्र उत्तम असायचं. संध्याकाळी तळ्याकडून वारा सुटला की ते तुटायला लागायचं. बाईचं तोंड उघडं राहायचं आणि तसंच थिजायचं, मग चेहऱ्याच्या चौकटी व्हायच्या, हनुवटी एकीकडं, कपाळ एकीकडं. पाच-दहा शब्द गेले की चित्र पुन्हा जागेवर. पाच-दहा शब्द गेले की बातमी गेली. दाजींनी आठवडाभर नेट धरला, नंतर सोडून दिला. आणि टीव्ही सोडला तसं माणसांच्या तोंडाकडं बघणंही सोडलं.

"अँटेनाचं चित्र आजारी पडायचं," आक्का म्हणाली, "पण मरायचं न्हाय. मुंग्यांतनं का हुईना, व्हट हलताना दिसायचं. ह्येचं असंच. येक तर धडधाकट, न्हायतर मुडदा." आणि पुढं म्हणाली, "पयल्यांदा मशीननं बहिरं केलं. आता ह्या खोक्यानं."

छत्री बसवणारा मेकॅनिक तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा भर दुपारी. वारा नाही, चित्र स्वच्छ. तो सिग्नलचा आकडा दाखवायचा, फुल्ल हाय म्हणायचा. आक्का म्हणायची, संध्याकाळी तुटतंय. तो म्हणायचा, "जरा तुटणारच की मावशी. आवाज तर येतोय न्हवं?"

"आवाज माझ्या काय कामाचा," आक्का त्याला म्हणाली. पण तो तोवर गाडीला किक मारून निघाला होता.

त्यानंतरचं घडलं तेव्हा मी तिथं नव्हतो. आक्कानं पुढच्या भेटीत सांगितलं ते असं. पावसाळ्याचे दिवस. पाऊस थांबला होता, पण वारा जोरात होता. सात वाजता तिनं सवयीनं टीव्ही लावला. मुख्य बातम्यांतच चित्र थिजलं, बाई अर्धं तोंड उघडून थांबली, आवाज मात्र चालूच. धरणातून पाणी सोडलंय आणि मुरगूडकडचे रस्ते पाण्याखाली जायची भीती आहे, अशी बातमी होती. दाजींची धाकटी बहीण मुरगूडला दिलेली, घर नदीपासून लांब नाही. आक्का ऐकता ऐकता उभी राहिली. परड्याच्या दारातून दाजींनी तिचा चेहरा बघितला. काहीतरी ऐकलंय एवढं त्यांना कळलं.

ते आत आले. "काय म्हणत्या ती?"

आक्का सांगायला लागली. पण सांगता सांगता ती टीव्हीकडं वळलेली, पुढचं ऐकायला, आणि तोंडाचा पट्टा नेहमीसारखा भरधाव. दाजींनी तिचे दोन्ही खांदे धरून तिला आपल्याकडं फिरवलं.

"तोंड दाखवून बोल," ते म्हणाले.

आक्का मला हे सांगताना हसली, पण नीट हसली नाही. "पावणं, तीस वर्सं मी सगळ्यास्नी सांगत हिंडलो. मला कुणी सांगितलंच न्हवतं."

मग ती स्टूल ओढून टीव्हीशेजारी बसली. कान खोक्याकडं, तोंड नवऱ्याकडं. एक एक शब्द सुटा करून तिनं त्यांना सांगितलं, पाणी कुठून सोडलंय, कुठले रस्ते बंद आहेत, लोकांना कुठं हलवतायत. दाजींनी मध्ये दोनदा थांबवलं, तिनं पुन्हा सांगितलं. मग शेजाऱ्यांच्या फोनवरून मुरगूडला विचारलं. बहिणीची माणसं जनावरं घेऊन वरच्या आळीत गेली होती, घरात पाणी शिरलं नव्हतं. फोनवरचा एक एक शब्द आक्का तिथंच उभ्या उभ्या दाजींना ओठांनी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सात वाजता दाजी परड्यातून आपणहून आत आले.

त्यानंतर मी गेलो की आक्काच्या बातम्या ऐकायला मिळायच्या. तशा बातम्या मी पुन्हा कुठं ऐकल्या नाहीत. ती आधी पदर सारखा करायची, हात मांडीवर ठेवायची, मान सरळ. टीव्हीवरची बाई शुद्ध भाषेत बोलायची, आक्का ती बातमी कोल्हापुरात आणून सांगायची. 'शेतकऱ्यांना दिलासा देण्याचा सरकारचा प्रयत्न आहे' याचं आक्काच्या तोंडून व्हायचं, 'देतो म्हणालाय, अजून दिलेलं न्हाय.' परदेशी नावं आली की 'येक गोरा' एवढ्यावर काम भागायचं. दाजी अधूनमधून हात वर करून विचारायचे, "हे ती म्हणाली का तू?"

"ती निम्मं म्हणाली, निम्मं मी."

"तुझं निम्मं आधी सांग."

सुरुवातीला दाजींना तिचं बोलणं ओठांवरून कळायला जड जायचं. त्यांना अख्ख्या राज्याच्या बातम्या देणाऱ्या बायांचे ओठ पाठ होते, घरातल्या बाईचे नव्हते. महिन्याभरात तेही पाठ झाले. मग बातम्या संपल्यावरही दोघं तिथंच बसून राहू लागली. एकदा मी फाटकातून आत येताना बघितलं, टीव्ही बंद होता आणि आक्का स्टुलावर बसून तिच्या लहानपणीची कसली तरी हकिकत सांगत होती, गडमुडशिंगीच्या विहिरीची. दाजी इतके मन लावून बघत होते की मी बाहेरच चप्पल काढायला जास्त वेळ लावला.

तरी आक्कानं खोक्याचा नाद सोडला नव्हता. तिचं म्हणणं, माझ्या बातम्या घरच्या भाकरीसारख्या, पण माणसाला कधी हॉटेलातलंही खावंसं वाटतं. एका रविवारी मी तिथं असताना तो मेकॅनिक पुन्हा आला. दुपारच्या वेळी, नेहमीसारखा. गालात गुटख्याचा तोबरा. आक्कानं आधी त्याला चूळ भरायला लावली. मग चहा दिला, मग पोहे, मग त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. तो उठायला लागला की काहीतरी खायला यायचं. असं करत करत तिनं त्याला सातपर्यंत धरून ठेवला. बाहेर वारा सुटला होता.

बातम्या लागल्या. आक्कानं रिमोट घेऊन आवाज पूर्ण बंद केला.

"आता बातम्या ऐका," ती त्याला म्हणाली. "संपल्या की मला सांगा काय झालं ते."

तो हसत हसत बघायला लागला. बाईचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं चित्र थिजलं, चौकटी झाल्या, सुटलं, पुन्हा थिजलं. खोलीत काहीच आवाज नव्हता. त्याचं हसू हळूहळू गेलं. तो दाजींकडं बघू लागला. दाजी शांतपणे पडद्याकडं बघत होते. बातम्या संपायच्या आधीच तो उठला आणि जिना चढून गच्चीवर गेला. उजेड अजून होता. वरूनच त्याची हाक आली, "मावशी, शेजारचा नारळ हलतोय. झावळ्या छत्रीच्या म्होरं येत्यात."

पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यानं छत्री गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली, उंच पाइपावर. त्यासाठी वेगळं काही घेतलं नाही आणि जाताना दाजींपुढं उभा राहून, तोंड मोकळं ठेवून, सावकाश म्हणाला, "आता काय अडचण आली तर मला बोलवा. मी संध्याकाळी येतो."

त्यानंतरच्या रविवारी मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. वारा चांगला सुटला होता, नारळ आडवातिडवा हलत होता आणि टीव्हीवरची बाई जागची हलत नव्हती. चेहरा अखंड, ओठ स्पष्ट, वाकडा दात जागेवर. आक्का कृतकृत्य होऊन मागं भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्या बायकोला सांगितलं, आता मी मोकळी, आता बघू दे त्यांचं त्यांना.

दाजींनी बऱ्याचशा बातम्या बघितल्या. एकदाही कपाळाला आठी पडली नाही की मान पुढं झाली नाही, सगळं कळत होतं. मग ते उठले, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि टीव्हीशेजारी आणून ठेवलं.

"बस," ते आक्काला म्हणाले.

"अवो, चित्र येतंय की आता," ती तोंड समोर धरून, सावकाश म्हणाली. "ती बाई सांगतीया की स्वच्छ."

"सांगू दे," दाजी त्यांच्या त्या सपाट सुरात म्हणाले. "ती सगळ्यास्नी सांगती. तू मला सांग."

माझी बायको उगाच मुलीची वेणी सारखी करायला लागली. आक्का उठून स्टुलावर बसली, पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले. तोवर टीव्हीवर बातम्या संपून हवामान लागलं होतं. तिनं हवामानापासून सुरुवात केली.